ठाण्याहून घाटावर जाताना: फास्ट चार्जिंगआधी बॅटरी कधी तापवायची, कधी नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या इलेक्ट्रिक गाडीला फास्ट चार्जिंगआधी बॅटरी तापवायची गरज वर्षातले नऊ-दहा महिने पडतच नाही. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा खारघरच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी जानेवारीतही सकाळी फारशी गार झालेली नसते. मे महिन्यात तर प्रश्न उलटाच, ती थंड कशी ठेवायची हा. पण हीच गाडी कसारा घाट चढून नाशिकला गेली, रात्रभर उघड्यावर उभी राहिली आणि सकाळी सातला मोठ्या डीसी (म्हणजे फास्ट) चार्जरला लावली, की चार्जिंगच्या वेगाचा आकडा लवकर वर सरकत नाही. नवा मालक चार्जरला शिव्या घालतो. चार्जर बहुतेक वेळा निर्दोष असतो.

हे मार्गदर्शन मुख्यतः डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नाशिक, त्र्यंबक, महाबळेश्वर किंवा समृद्धी महामार्गाने पुढे विदर्भात जाणाऱ्यांसाठी आहे.

थंड बॅटरी वीज का नाकारते

थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं, हलवलं तरी बाहेर येत नाही. सेलच्या आत इतकं काही होत नाही, पण दिशा तीच: इलेक्ट्रोलाइटमधून, म्हणजे सेलमधल्या द्रवातून, लिथियमचे आयन सावकाश सरकतात आणि ऋण टोकावरच्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला त्यांना वेळ लागतो. अशा वेळी बाहेरून जोरात करंट ढकलला, तर आत शिरायला न मिळालेलं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन बसतं. त्यातलं बरंचसं परत कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते. हे टाळण्यासाठी गाडीचं बॅटरी व्यवस्थापन चार्जरकडून मुद्दाम कमी करंट मागतं. मंद चार्जिंग हा बिघाड नाही, गाडी स्वतःला सांभाळते आहे.

ढोबळ हिशेब असा धरावा. सेल २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असतील तर गाडी आपला पूर्ण वेग घेते. १५ अंशांच्या खाली वेग जाणवण्याइतका घटतो, ५ च्या खाली फारच पडतो, आणि शून्याच्या खाली बहुतेक गाड्या सेल थोडे तापेपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. हे आकडे सेलच्या तापमानाचे आहेत, हवेच्या नव्हे. दोन-चारशे किलोचा पॅक (सगळे सेल मिळून झालेली आख्खी बॅटरी) हवेइतका भराभर गार होत नाही. नाशिकला पहाटे पारा ९ वर गेला, तरी संध्याकाळी ३० अंशांवर असलेला पॅक सकाळी साधारण १५ च्या आसपास सापडतो. दोन रात्री गाडी हललीच नाही, तर मात्र तो हवेच्या बराच जवळ जातो. निफाडच्या बाजूला पारा ५ च्या खालीही उतरतो, तिकडे मुक्काम असेल तर हे लक्षात ठेवावं.

आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे सेल आहेत. ते टिकाऊ आणि उष्णतेला सोशिक, पण थंडीला जास्त हळवे.

तापवायला किती वीज लागते

४५ युनिटच्या (किलोवॅट-तासांच्या) पॅकचं वजन ढोबळमानाने ३०० किलो. एक किलो पॅक एक अंश तापवायला सुमारे एक किलोज्यूल लागतो. म्हणजे १० अंशांवरून २५ वर न्यायला ४,५०० किलोज्यूल, म्हणजेच सव्वा युनिट. वाटेत वाया जाणारी उष्णता धरली तर दीड ते दोन युनिट. गाडीतला हीटर ५ किलोवॅटचा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं. पॅक ७९ युनिटचा असेल तर वजन पाचशेच्या वर, वीज तीन युनिटच्या घरात आणि वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं.

छोट्या गाडीला हे दहा-बारा किलोमीटरच्या रेंजला पडतं, मोठीला पंधरा-अठरा. बदल्यात काय मिळतं? ४५ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायची म्हणजे २७ युनिट. सरासरी ५० किलोवॅटने गेले तर ३२ मिनिटं, थंडीमुळे २५ वर अडकले तर ६५. अर्धा तास वाचत असेल तर दोन युनिट खर्चायला हरकत नाही. चार्जर मुळात ३० किलोवॅटचाच असेल, तर थोड्या थंड बॅटरीलाही तो फारसा जड जात नाही. तिथे तापवण्यात वीज घालवणं निव्वळ हौस.

पायरी १: तुमच्या गाडीत ही सोय आहे का, ते पाहा

दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवखे त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत करतात. फोनच्या अ‍ॅपवरून निघण्याआधी एसी लावता येतो, ती केबिनची सोय. तिने सीट गार होते, बॅटरीला सहसा काही होत नाही. बॅटरी तापवण्याची सोय निराळी: एक हीटर कूलंट (बॅटरीभोवती फिरणारं द्रव) तापवतो, पंप ते कूलंट पॅकखालून फिरवतो. टेस्लासारख्या काही गाड्या मोटर मुद्दाम कमी कार्यक्षमतेने चालवून तिची उष्णता पॅककडे वळवतात.

मेनूत 'बॅटरी कंडिशनिंग', 'प्रीकंडिशनिंग', 'विंटर मोड' असं काही दिसतं का ते शोधा आणि मॅन्युअलमध्ये त्याच्या अटी वाचा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत आणि दोन व्हेरियंटमध्ये फरक असतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून आपलं ठरवू नका. हवेने गार होणाऱ्या पॅकमध्ये कूलंटच नसतं, तिथे हा विषय संपला. एमजी कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंगच नाही, तिच्या मालकांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. सुरुवातीच्या ३०.२ युनिटच्या टाटा नेक्सॉन ईव्हीला कंपनीच्याच आकड्याप्रमाणे शून्य ते ८० टक्क्यांना एक तास लागतो, म्हणजे सरासरी २४ किलोवॅट. एवढ्या कमी वेगात तापवून फार काही हाती लागत नाही.

पायरी २: गरज आहे का, ते ठरवा

गाडी रात्रभर १२-१५ अंशांखाली उघड्यावर होती का? पुढचा चार्जर एका गनमागे (गाडीला लावायच्या केबलच्या प्लगमागे) ६० किलोवॅट किंवा जास्त देणारा आहे का? वीसेक युनिट तरी भरायचे आहेत का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा.

पायरी ३: चार्जर आधी तपासा, मग तापवा

चार्जर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये गन सीसीएस२ (आपल्याकडच्या कारच्या डीसी चार्जिंगचा नेहमीचा प्लग) आहे ना, चालू आहे ना आणि मोकळी आहे ना, ते निघतानाच पाहा. बॅटरी तापवून पोहोचावं आणि चार्जर बंद असावा, हा तोटा दुहेरी: दोन युनिट गेले आणि पुढच्या चार्जरपर्यंतची रेंजही कमी झाली. पर्यायी चार्जरला पुरेल इतका चार्ज हातात ठेवूनच तापवायला लावा. तापलेला पॅक तास-दीड तास बऱ्यापैकी ऊब धरून असतो, त्यामुळे दुसरा चार्जर वीस-तीस किलोमीटरवर असेल तर तापवलेलं वाया जात नाही.

पायरी ४: चार्ज किती टक्के आहे ते पाहा

बऱ्याच गाड्या २० ते २५ टक्क्यांखाली तापवणं सुरूच करत नाहीत, चालू असेल तर बंद करतात. म्हणजे "१० टक्क्यांवर पोहोचू, तोवर तापलेली असेल" हे गणित चालत नाही. सकाळी निघताना ३५-४० टक्के तरी हवेत.

पायरी ५: गाडीच्या स्वतःच्या नकाशात चार्जर टाका

फोन जोडून पडद्यावर गूगल मॅप लावला, तर बहुतेक गाड्यांना आपण चार्जरकडे निघालोय हे कळतच नाही. गाडीच्या अंगच्या नॅव्हिगेशनमध्ये 'चार्जिंग स्टेशन' या यादीतूनच ठिकाण निवडा. त्याच पत्त्यावरचं हॉटेल निवडलं तर उपयोग नाही. तुमच्याकडचा चार्जर त्या नकाशात नसेल, तर त्याच्या आसपासचा यादीत असलेला दुसरा डीसी चार्जर टाका आणि फोनवरचा रस्ता ऐका.

पोहोचायला तीस-चाळीस मिनिटं असताना हे व्हायला हवं. गंगापूर रोडवरच्या हॉटेलातून आठ किलोमीटरवरच्या चार्जरला जायचं, तर पंधरा मिनिटांत पॅक तापत नाही. अशा वेळी तो चार्जर सोडा, शहराबाहेर हायवेवरचा पुढचा धरा. काही गाड्यांत हाताने तापवणं सुरू करायचं बटण असतं. ते असेल तर उभ्या गाडीत, हॉटेलच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावलेली असतानाच सुरू करा, म्हणजे निम्म्याहून जास्त वीज भिंतीतून येईल.

सुरू झालं की बॅटरीच्या चिन्हावर तसा निर्देश दिसतो. दहा मिनिटांत दिसला नाही, तर पॅक आधीच पुरेसा उबदार आहे किंवा चार्ज कमी आहे, यातलं एक.

पायरी ६: पोहोचल्याबरोबर गन लावा

चहा गन लावल्यावर. गन खटक्याचा आवाज येईपर्यंत आत ढकला. जड केबल खाली ओढत असेल तर तिला वळसा देऊन भार कमी करा. नीट न बसलेली गन तापते, तिच्यातला सेन्सर ते ओळखतो आणि करंट कापतो. तो दोषही मग थंडीच्या माथी मारला जातो.

चार्जरचा पडदा वाचायला शिका

हे एकदा जमलं की बाकीचं सोपं. पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. दोन्हींचा गुणाकार भागिले हजार म्हणजे किलोवॅट. समजा ६० किलोवॅटच्या चार्जरवर ३२८ व्होल्ट आणि ८७ अँपिअर दिसतायत: साडेअठ्ठावीस किलोवॅट. निम्म्याहून कमी. का, ते एका नजरेत कळत नाही. पहिली दहा मिनिटं आकडा कसा हलतो, त्यावरून कळतं.

सुरुवात कमी आणि दर दोन-तीन मिनिटांनी अँपिअर थोडे थोडे चढत असतील, ६०, मग ७०, मग ८५, तर बॅटरी थंड आहे आणि चार्जिंगच तिला तापवतंय. गन काढू नका, परत लावून काही सुधारणार नाही.

सुरुवात जोरात आणि मग घसरण, सोबत बोनेटखालचा पंखा घोंघावतोय: बॅटरी गरम आहे.

आकडा ३० किलोवॅटजवळ खिळलेला, तसूभर हलत नाही: शेजारच्या गनला दुसरी गाडी लागलेली असणार. आपल्याकडचे बरेच ६० चे चार्जर दोन गाड्या असतील तर ३०-३० वाटतात. दुसरी गाडी निघाली की एकदम उडी दिसते. काही ठिकाणी गन काढून पुन्हा सुरू केल्यावरच पूर्ण वाटा मिळतो.

अँपिअर बरोबर १०० वर थांबलेत, तर ती त्या चार्जरची किंवा केबलची मर्यादा. घसरण आहे पण गाडीचा पंखा शांत, चार्जर उन्हात आणि त्याच्या जाळ्यांवर धुळीचा थर, तर गरम झालाय तो चार्जर. आणि ८० टक्क्यांनंतर वेग पडला तर तिथे शोधण्यासारखं काही नाही, सगळ्याच गाड्या तेच करतात.

सेलचं तापमान प्रत्यक्ष पाहायचं असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या सॉकेटला) लावायचा ब्लूटूथ डोंगल आणि तुमच्या गाडीची प्रोफाइल असलेलं फोन अ‍ॅप एवढं पुरतं. सर्वांत थंड आणि सर्वांत गरम सेल, दोन्ही बघा. गाडी निर्णय घेते तो थंडीत सर्वांत थंड सेलवरून. काम झालं की डोंगल काढून ठेवा. तो तसाच राहिला तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि मग मोठी बॅटरी भरलेली असून गाडी उघडत नाही.

सोय नसलेल्या गाडीचं काय

आपल्याकडच्या परवडणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक या गटात. त्यांच्यासाठी उपाय एकच आणि तो हीटरपेक्षाही चांगला: सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी चार्ज करा. ठाण्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, आणि दोन्हींच्या उंचीत सहाशे मीटरच्या आसपास फरक. सतराशे किलोच्या गाडीला नुसत्या उंचीपोटी पावणेतीन युनिट लागतात. कसाऱ्याच्या चढात पॅकमधून दीडशे अँपिअर ओढले जातात तेव्हा आत सुमारे दोन किलोवॅट उष्णता तयार होते. नाशिकला पोहोचलेली बॅटरी आयती तापलेली असते. ती ऊब हॉटेलच्या पार्किंगमध्ये रात्रभर उडवून देऊन सकाळी पुन्हा तापवत बसणं हा उलटा व्यवहार. संध्याकाळीच ८० टक्के करा, जेवा, झोपा.

परतीला घाट उतारावर आहे, तिथे ही उष्णता मिळणार नाही. उलट थंड बॅटरी रीजेनची (वेग कमी करताना मोटरने तयार केलेली) वीजही कमी घेते, त्यामुळे पाय उचलल्यावर गाडी नेहमीइतकी अडत नाही. पहिल्यांदा हे अनुभवणारे दचकतात. घाटाच्या तोंडाशी १०० टक्के चार्ज घेऊन जाऊ नका, त्यात थंडी असेल तर सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

सपाट रस्त्यावर चालवून बॅटरी तापते का? तापते, पण सावकाश. हायवेच्या वेगाला तासाला तीन-चार अंश धरा. रात्री ३.३ किंवा ७.२ किलोवॅटच्या चार्जरला लावून पॅक उबदार राहतो असंही सांगितलं जातं. ७.२ किलोवॅटला पॅकमधून वीस-बावीस अँपिअरच जातात आणि आत तयार होणारी उष्णता एका बल्बइतकी, पन्नास वॅटच्या आसपास. चार्ज भरायला ते उत्तम, तापवायला निरुपयोगी.

काही जण रस्त्यावर जोरात पळवणं आणि लगेच रीजेनने थांबवणं असा खेळ करून बॅटरी तापवतात. त्याने खरंच तापते. पण पहाटेच्या धुक्यात, मागे ट्रक असताना नाशिक हायवेवर हा प्रकार करायचा नसतो. पुढच्या जाळीला पुठ्ठा लावणं, पॅकखाली ब्लोअर धरणं, हेही नको.

मे महिन्यात उलटं

वाशीहून निघून एक्स्प्रेस वेवर जोरात, मग भर दुपारी खंडाळ्याचा घाट, आणि लोणावळ्याला लगेच फास्ट चार्जर: बॅटरी ४५ अंशांच्या पुढे असते आणि गाडी करंट कापते. घाटाच्या आधी खालापूरच्या बाजूला चार्ज केला तर हे टळतं. वरच करायचा असेल तर शेवटचे दहा-बारा किलोमीटर सबुरीने चालवा आणि चार्जर सावलीतला निवडा. एसीचा एकच कॉम्प्रेसर केबिन आणि बॅटरी दोघांना गार करतो, म्हणून चार्जिंग चालू असताना आत एसी लावून बसण्यापेक्षा तो बंद करून बाहेर सावलीत उभं राहिलं तर पॅकच्या वाट्याला जास्त थंडावा येतो. मुलं किंवा म्हातारी माणसं गाडीत असतील तर अर्थातच एसी चालू ठेवा, दहा मिनिटं जास्त लागतील एवढंच. आणि मे महिन्यात तापवण्याचं सेटिंग बंद करायला विसरलात तरी बिघडत नाही. पॅक गरम असताना गाडी हीटर लावतच नाही.